कुकरचं बटण

अण्णा विधानसभेला पाच वेळा उभे राहिले. चार वेळा निवडून आले, एकदा पडले. एवढं एका ओळीत मावतं. पण आता त्यांच्या पंच्याहत्तरीला लोक सत्कार करणार आहेत, त्या दिवशी एक लहानशी पुस्तिका वाटणार आहेत, आणि तिच्यासाठी एक निवृत्त कन्नड मास्तर महिनाभर रोज सकाळी हॉलमध्ये येऊन बसत होते. अण्णा सांगत, मास्तर लिहून घेत. अण्णांना मतांचे आकडे तोंडपाठ. बाकीचं मात्र आठवत नाही. मग ते स्वयंपाकघराकडे तोंड करून मला विचारत, "तंगी, तिसऱ्या वेळेला निकाल सकाळी लागला की दुपारी?"

मला जेवणावरून आठवतं. पहिल्या निकालाला बिशीबेळे भात केला होता आणि तो पातेल्यात असतानाच ढोल वाजले, म्हणजे अकराचा सुमार. दुसऱ्या निकालाला केसरीबात, म्हणजे इकडचा शिरा, केला होता, तो कुणी खाल्लाच नाही, दुसऱ्या दिवशी त्याला मुंग्या लागल्या. तिसऱ्या वेळी अण्णांची बायको, अक्का, म्हणाली, निकाल कळेपर्यंत गोडाला हात लावायचा नाही. कळलं तेव्हा उन्हं उतरली होती आणि रवा भाजायला घेतला. म्हणजे दुपार गेली. मी आतूनच तसं सांगायची आणि मास्तर लिहायचे. विधानसभेतल्या माणसाचा इतिहास असा माझ्या चुलीवरून ठरतो ह्याची मला लाज वाटायची, आणि थोडं बरंही वाटायचं.

मी साताऱ्याकडची. चौथीपर्यंत शाळा झाली, मग धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहिले. लग्न होऊन बंगळुरात आले, कारण माझे यजमान यशवंतपूरच्या एका कारखान्यात होते. अण्णांचं घर आमच्याच गल्लीच्या टोकाला. त्यांचे पणजोबा की खापरपणजोबा इकडे आले, तेव्हापासून हे लोक इथले. घरात मराठी बोलतात, पण तिच्यात निम्मं कन्नड. अण्णांचं तेव्हा हार्डवेअरचं दुकान होतं. ते पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा प्रचाराच्या माणसांसाठी रोज ढीगभर चपात्या लागायला लागल्या, आणि अक्काने गल्लीत विचारून मला बोलावलं.

पहिल्या दिवशी मी दारात उभी राहिले आणि अण्णा आत वळून म्हणाले, "अगं, तंगी आली बघ. तिला आधी कॉफी दे."

मला वाटलं, ह्या घरात पैशाची चणचण आहे आणि मी एक तोंड वाढवायला आले. मी पाय मागे घेतला. अक्काने हाताला धरून आत ओढलं. चार दिवसांनी शेजारणीने सांगितलं की कन्नडात तंगी म्हणजे धाकटी बहीण. असंच दुसरं. सकाळी अर्ज घेऊन लोक यायचे, त्यांना अण्णा विचारायचे, "तिंडी आयता?" मला वाटायचं, आयतं खायला आलात का, असं विचारतात, आणि एवढं बोलून वर इडल्या कशा खायला घालतात. ते विचारत होते, नाश्ता झाला का. हे मी अक्काला सांगितलं तेव्हा ती पदर तोंडात कोंबून हसली, आणि मग घरात कुणी जेवायच्या वेळी आलं की आम्ही दोघी एकमेकींकडे बघून "आयता" म्हणायचो.

त्या पहिल्या निवडणुकीत अण्णा अपक्ष होते. त्यांना चिन्ह मिळालं कुकर. कार्यकर्ते खरे कुकर घेऊन रिक्षातून फिरले. समोरच्या बाजूचे लोक आमच्या दारावरून जाताना ओरडायचे, "अण्णांच्या कुकरचं रबर गेलंय, शिट्टी व्हायची नाही." अक्का जिन्यावरून ऐकवायची, "शिट्टी होईल तेव्हा कानात बोळे घालून बसा."

आमच्या गल्लीचं मतदान सांभाळायचं काम टेलरमामांकडे होतं. गल्लीच्या कोपऱ्यावर त्यांचं शिवणाचं दुकान. नात्याने कुणाचे मामा नव्हते, पण सगळे मामाच म्हणायचे. मतदानाचं यंत्र तेव्हा नवीन. मामांनी चपलांच्या खोक्यांचं पुठ्ठ्याचं यंत्र बनवलं, त्यावर शर्टाची निळी बटणं शिवली आणि प्रत्येक बटणासमोर एकेक चित्र काढलं. दुपारी बायका मोकळ्या असायच्या तेव्हा ते घरोघर जायचे. आमच्या स्वयंपाकघरात आले तेव्हा मी कणीक तिंबत होते.

"हात धुवा आणि या," म्हणाले. "नाव वाचायच्या भानगडीत पडू नका. कुकर दिसला की दाबायचं. डोळे, बोट, कुकर. बस."

मला कन्नड वाचता येत नाही, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मामांनी विचारलंही नाही. नाव वाचायचंच नाही म्हटल्यावर माझ्या मनावरचं ओझं उतरलं. त्यांनी माझ्याकडून दहा वेळा तरी ते बटण दाबून घेतलं. माझं पहिलंच मतदान ते. त्या दिवशी केंद्रात पुठ्ठ्याच्या आड गेले, कुकर दिसला, दाबलं, लाल दिवा लागला आणि लांब पीं वाजलं. जन्मात मी पहिल्यांदा काहीतरी केलं आणि ते वाजून सगळ्यांना ऐकू गेलं.

अण्णा आले. पाच वर्षं आमदार राहिले. विधानसौधात ते काय बोलत ते मला ठाऊक नाही. गल्लीत काय झालं ते ठाऊक आहे. फुलं विकणाऱ्या बायका नाल्यावर फळ्या टाकून पलीकडे जायच्या, तिथे पूल झाला. मुलींच्या शाळेत संडास झाले, दारांना आतून कड्या आहेत की नाहीत हे बघायला अण्णा अक्काला घेऊन गेले होते. अर्जावर सही करायची तर ते ओट्याशी येऊन करायचे, कारण हॉलमधल्या टेबलावर फार माणसं वाकलेली असायची. कितीतरी अर्जांवर माझी पिठाची बोटं उमटलेली आहेत.

दुसऱ्या वेळेला त्यांना पक्षाचं तिकीट मिळालं. पक्षाचं चिन्ह वेगळं. सगळे खूश, आता काळजीच नाही म्हणाले. मग कळलं की कुकर दुसऱ्याच एका अपक्षाला मिळालाय. तो माणूस कुणी पाहिलेला नव्हता, प्रचारालाही फिरकला नाही. कार्यकर्ते हसले, त्याच्या घरचे तरी त्याला मत देतील का, म्हणाले. मामा हसले नाहीत. त्यांनी पुठ्ठ्याचं यंत्र पुन्हा काढलं, कुकर खाली ढकलला, नवीन चित्र काढलं आणि पुन्हा घरोघर फिरले. माझ्याकडे आले तेव्हा घरात चाळीस माणसांचं जेवण होतं. त्यांनी दाखवलं. मी "सरी, सरी मामा", म्हणजे बरं, बरं, म्हटलं आणि पोळी उलटली.

मतदानाच्या दिवशी भाताच्या शिट्ट्या झाल्यावर गॅस बंद करून धावत गेले. रांग मोठी होती. आतल्या माणसाने कन्नडात भरभर काहीतरी विचारलं, मला कळलं नाही. बोटाला शाई लागली. पुठ्ठ्याच्या आड गेले तर उभ्या रांगेत कितीतरी चित्रं, आणि त्यात मला एकदम ओळखीचा कुकर दिसला. डोळे, बोट, कुकर. लाल दिवा, पीं.

घरी आले. कुकरची वाफ जिरली होती. झाकण काढलं आणि मग माझ्या ध्यानात आलं. झाकण हातात घेऊन किती वेळ उभी होते सांगता येत नाही. मग मनाशी म्हटलं, एका मताने काय होतंय.

अण्णा थोडक्यात पडले. किती थोडक्यात, तर आमच्या गल्लीच्या यंत्रात कुकरला जेवढी मतं गेली होती, त्याहून कमी मतांनी. कुठल्या यंत्रातून कुणाला किती ते कागदावर येतं, आणि तो कागद संध्याकाळी हॉलमध्ये हातोहात फिरला. आमच्या गल्लीत, अण्णांच्या स्वतःच्या गल्लीत, कुकर. सगळ्यांनी मामांकडे बघितलं.

कुणीतरी म्हणालं, मामांनी समोरच्या उमेदवाराचे दोन जुब्बे शिवलेत. ते खरं होतं, ते टेलर होते, येईल त्याचं शिवायचे. पण त्या दिवशी ते ऐकायला कुणाला वेळ नव्हता. एकजण म्हणाला, "मामा, तुम्ही दोन्ही बाजूंनी शिलाई घातलीत." लोक हसले. अक्का हसली नाही, पण तिनेही सुनावलं. ह्या घरचं इतकी वर्षं खाल्लंत, म्हणाली. मामा अण्णांकडे बघत एवढंच म्हणाले, "मी शिकवलं ते बरोबर शिकवलं." अण्णा खाली बघत बसले होते. ते काही बोलले नाहीत. मामांनी चपला घातल्या आणि गेले.

मी स्वयंपाकघराच्या दाराआड होते. हातात केसरीबातचा डाव होता. दोन पावलं पुढे जाऊन बोलायचं होतं, पण इतक्या पुरुषांसमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं, आणि त्या दिवशीही उघडलं नाही. गल्लीतल्या आणखी बायकांनी तेच केलं असणार, एवढी मतं एकट्या माझी नव्हती. पण कुणी कुणाला विचारलं नाही. नळावर सगळ्या त्या विषयाला वळसा घालून बोलायच्या. मामा त्यानंतर ह्या घरात आले नाहीत. दोन वर्षांनी दुकान बंद करून आनेकलला लेकीकडे गेले.

पडल्यानंतरची पाच वर्षं मला अण्णांची सगळ्यात जास्त आठवतात. सकाळची गर्दी संपली. इडल्या कमी लागायला लागल्या. थंडीत बाजारात अवरेकाळू यायचे, म्हणजे इकडचे ओले पावटे. ते भिजवून एकेक दाणा दोन बोटांत दाबायचा की आतली डाळ सुटते, फार वेळखाऊ काम. अण्णा स्टूल घेऊन माझ्यासमोर बसायचे आणि दाणे दाबायचे. त्यांची डाळ उडून माझ्या परातीत पडायची. मधेच म्हणायचे, "तंगी, त्या कुकरला कुणी मत दिलं असेल गं?" रागाने नाही, एखादं कोडं घालावं तसं. मी मान खाली घालून दाणा दाबायची. एवढ्या वेळा ते मला एकटे सापडले आणि तितक्या वेळा मी गप्प राहिले.

पुढे ते तिसऱ्यांदा आले, चौथ्यांदा आले, पाचव्यांदा आले. यंत्रावर उमेदवारांचे फोटो आले. मी अण्णांचा चेहरा दिसेपर्यंत हात वर करत नाही, आणि दिसल्यावरही दोनदा बघते.

तर ह्या जानेवारीत मास्तरांनी लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं. एवढ्या वर्षांनी कन्नड मला ऐकून सगळं समजतं. दुसऱ्या निवडणुकीपाशी त्यांनी लिहिलं होतं, घरच्याच माणसाच्या फितुरीमुळे पराभव झाला. नाव नव्हतं, पण नावाची गरज कुणाला होती? मग आमंत्रणांची यादी वाचली. तिच्यात पहिल्या निवडणुकीतले सगळे कार्यकर्ते होते. जे वारले त्यांच्या बायकांची नावं होती. मामांचं नव्हतं. अण्णा म्हणाले, "सरी," आणि मास्तरांनी खूण केली.

त्या रात्री मी यजमानांना विचारलं. ते म्हणाले, आता कशाला उकरतेस, वीस वर्षं झाली, उद्या कामाला येऊ नको म्हणाले तर? मलाही तेच भय होतं. कामाचं नाही, मुलं कमावती झालीत. तंगी म्हणायचं थांबतील ह्याचं. पण छापलं की ते राहतं. मामांची नातवंडं वाचतील. माझं लिहिणं कधी कुणी छापणार नाही, तरी ह्या वहीत मी ते आधी एकदा लिहून बघितलं, जीभ वळावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी अवरेकाळूची परात होती. अण्णांची बोटं आता थरथरतात, तरी बसतात. मास्तर यायला वेळ होता. मी परातीकडेच बघत म्हटलं, "अण्णा, कुकरचं बटण मी दाबलं होतं."

त्यांना आधी वाटलं मी गॅसवरच्या कुकरचं बोलतेय. त्यांनी वळून शेगडीकडे बघितलं. मग हळूहळू माझ्याकडे वळले.

"त्या वेळेला?"

"हो. मामांनी नीट दाखवलं होतं. माझाच हात गेला."

अण्णांनी परात थोडी बाजूला सरकवली. बोटांतला दाणा तसाच.

"दाबताना मनात कोण होतं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच. तुम्ही म्हणजे कुकर, एवढंच डोक्यात."

"मग ते माझंच मत," अण्णा म्हणाले. मला रडू आलं, पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. चेहरा मात्र उतरला होता. "मामाचं मी काय केलं मग? तो माझ्याकडे बघत होता गं. मी एक शब्द बोललो असतो तर गेला नसता."

अक्का दारात कधी येऊन उभी राहिली मला कळलं नाही. तिने सगळं ऐकलं होतं. ती तशीच परत गेली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मीठ मागायचं तर अण्णांना सांगायची, तंगीला मीठ द्यायला सांगा. मी समोरच उभी असायची. अण्णा बिचारे सांगायचे, "तंगी, मीठ," आणि मी मीठ द्यायची.

मास्तर आले तेव्हा अण्णांनी ती ओळ काढायला लावली. मास्तर म्हणाले, मग पराभवाचं कारण काय लिहू, काहीतरी तर लिहावं लागेल. अण्णांनी विचार केला आणि कन्नडात सांगितलं. त्याचा अर्थ असा, की कुकर शिकवला तो आम्हीच, विसरायला शिकवायचं राहून गेलं. मास्तरांना ते पुस्तिकेत शोभेल असं वाटलं नाही. अण्णा म्हणाले, शोभू नये, तसंच लिहा.

तिसऱ्या दिवशी आम्ही आनेकलला निघालो. गाडीत अण्णा, ड्रायव्हर आणि मी. अक्का फाटकापर्यंत आली, खिडकीतून एक स्टीलचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. "चकल्या आहेत. मामाला दे. मी दिल्यात म्हणून सांगू नको, खाल्ल्यावर त्याला कळेल," म्हणाली. दोन दिवसांनंतरचं तिचं माझ्याशी पहिलं बोलणं.

मामांच्या लेकीचं घर बाजारापासून आत. मामा ओसरीवर बसले होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याने नीट दिसत नाही. पण शिवणाचं मशीन शेजारीच होतं, सवय म्हणून. अण्णांनी पायरीवर चपला काढल्या आणि म्हणाले, "मामा, मी आलोय." आवाज ओळखून मामा उठायला लागले, अण्णांनी बसवलं. मग अण्णांनी मला सांगायला लावलं नाही, सगळं स्वतः सांगितलं, आणि आपण त्या दिवशी गप्प बसलो तेही सांगितलं. चुकलो म्हणाले. आमदार माणूस जमिनीवर बसून सांगत होता आणि मामांची लेक दारात खुर्ची धरून उभी होती, पुढे करावी की नको हे न कळून.

मामा ऐकून घेऊन माझ्या दिशेने वळले. "तुम्ही कणीक तिंबत होतात ना?"

"हो मामा."

"दहा वेळा दाबून घेतलं होतं तुमच्याकडून." ते हसले तेव्हा वरचे दात गेलेले दिसले. "म्हणजे मी शिकवलं ते बरोबरच होतं की. पहिल्या वेळेला जरा जास्तच बरोबर शिकवलं."

अण्णा हसायला गेले आणि त्यांना हसता येईना. मामांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, मग तो हात तिथेच दाबून बघितला, मग दंडावर. "अण्णा, बारीक झालात. सत्काराला जुब्बा कुणाचा घालणार?"

"तू शिवशील का?"

"शिवीन. लेक दोरा ओवून देते." त्यांनी मशीनच्या खणातून टेप काढला, अण्णांना उभं केलं, छातीभोवती टेप धरला आणि डोळ्यांजवळ नेला. दिसेना. त्यांनी टेपवर अंगठा तसाच दाबून ठेवला आणि मला जवळ बोलावलं.

"आकडा वाचा, तंगी," म्हणाले. मामांनी मला पहिल्यांदाच तसं म्हटलं.

मी वाकून नीट बघितला, पुन्हा एकदा बघितला, आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितला. मग खांदा सांगितला, मग बाही, मग उंची. लेकीने ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून घेतले.